महाजालावरील मोल्सवर्थ आणि ‘यमुनापर्यटना’ची तासिका

बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती, ही दोन्ही १८५७ सालची प्रकाशने होत. हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याने पदव्युत्तर वर्गात दोहोंचे सहवाचन शक्य झाले आहे. मात्र शब्द अडला की कोश उघडायचा, एवढाच त्याचा उपयोग होणार असेल, तर छापील प्रत काय वाईट होती?

महाजालावरील कोशाचे वेगळेपण असे की, त्यातील इंग्रजी अर्थविवरणातही शोध घेता येतो. ‘विडो’ हा इंग्रजी शब्द शोधल्यास वर्णानुक्रमामुळे कोशभर विखुरलेल्या मराठी नोंदी एकत्र येतात. विधवांची दुःस्थिती हाच विषय असलेल्या या कादंबरीच्या अध्यापनाचा आरंभ तेथूनच व्हावा. ‘सोवळी’ म्हणजे केशवपन केलेली विधवा, हा त्या काळचा अर्थ एरवी शिक्षकाला सांगावा लागतो. येथे विद्यार्थ्याला तो स्वतः शोधता येतो.

पुढचा भाग अधिक कठीण. अर्थ देणारा कंपनीच्या लष्करातला इंग्रज, शब्दसंग्रहामागे शास्त्र्यांचे श्रम, आणि कादंबरीकार १८५४ साली ख्रिस्ती झालेला. एकाच शब्दाकडे पाहणाऱ्या या तीन दृष्टी कोशाच्या नोंदीत वेगळ्या दिसत नाहीत. त्यासाठी कादंबरीतील वाक्याकडेच परतावे लागते. म्हणून शिक्षकाने चार-पाच नोंदी आधीच निवडून ठेवाव्यात, अन्यथा तासिका शोधण्यातच संपते. ‘ज्ञानेश्वरी’साठी मात्र हा कोश पुरेसा नाही, तेथे तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश पाहावा.