गच्ची, हप्ता आणि गाठीची पुंजी

अगं, काल फोनवर तू एका दमात सगळं सांगितलंस. आरडी संपली, थोडा बोनस आला, मिळून 3 लाख हातात आलेत. जावईबापू म्हणतात, सगळे घराच्या कर्जात भरून मोकळं होऊ. सासूबाईंना स्वयंपाकघर नवं करून हवंय. आणि तुला आतून वाटतंय की थोडे बाजूला ठेवावेत, पण ते घरात ठामपणे बोलवत नाहीये. म्हणून निवांत बसून लिहितेय. तुझ्या मनात आलंय तेच बरोबर आहे. फक्त ते आकड्यांत मांड, म्हणजे घरात कुणाला वाईट न वाटता पटेल.

आधी आपलं गाव बघ की. एकेकाळी अर्ध्या सोलापूरचं पोट भरणाऱ्या नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू गिरण्या बंद पडल्या, तेव्हा कायम नोकरी म्हणवणारी माणसंही घरी बसली. जावईबापूंचा कारखाना टॉवेलचा, माल जातो परदेशात. 2025च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, त्या दिवसांत अशा घरांमध्ये रात्री काय बोलणी होत असतील याची तूच कल्पना कर. कारखाना चांगला आहे, मालकही चांगला आहे, पण ऑर्डर त्याच्या हातात नसते. आणि हप्ता कापून घेताना बँक ऑर्डरचं विचारत नाही.

2020 आठव. टाळेबंदीत यंत्रमाग थांबले, विड्यांचं काम थांबलं. मार्च ते ऑगस्ट हप्ते लांबवण्याची सवलत रिझर्व्ह बँकेनं दिली होती, ते चांगलंच झालं. पण त्या महिन्यांचं व्याज माफ झालं नव्हतं, ते मुदलात मिळालं आणि कर्ज लांबलं. ज्यांच्या गाठीला चार-सहा महिन्यांचा खर्च होता, त्यांना ती सवलत घ्यावी लागली नाही. हा फरक मनात पक्का ठेव.

तुझा घरखर्च आणि शाळेची फी धरून महिन्याला 24 हजार, हप्ता साधारण 17,400. बायका हिशेब करताना हप्ता विसरतात, तू विसरू नकोस, कारण कमाई थांबली तरी तोच थांबत नाही. महिन्याला झाले साधारण 41 हजार, सहा महिन्यांचे अडीच लाख. तुझा पगार शाळेतून नेमानं येतो म्हणून सहा म्हणते. दोघांचीही कमाई कारखान्यावर असती तर नऊ महिन्यांचे सांगितले असते. तुझ्या खात्यात 70 हजार आधीच आहेत, म्हणजे या 3 लाखांतले 1 लाख 80 हजार आजच बाजूला काढ.

कुठं ठेवायचे? थोडे बचत खात्यात, बाकीचे हवे तेव्हा मोडता येतील अशा मुदत ठेवीत, आणि एका पावतीऐवजी तीन-चार पावत्या कर, म्हणजे गरजेला एकच मोडावी लागेल. जास्त व्याजासाठी पतसंस्थेत मात्र हा पैसा ठेवू नकोस. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. भिशीतही नको, कारण आजारपण आपला नंबर लागेपर्यंत थांबत नाही. आणि "सोनं आहे की" असं सासूबाई म्हणाल्या तर त्यांना हळूच सांग, सोनं आहेच, पण ते शेवटचं. पहिल्याच अडचणीला गहाण पडलेलं मंगळसूत्र सोडवायला पुन्हा हप्ताच लागतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ते कागद नीट करून ठेव. तरी जाण्यायेण्याचा खर्च, बाहेरून आणायची औषधं आणि बुडालेली मजुरी आपल्यालाच बघावी लागते.

आता घराचं. तुमची गच्ची गळते हे तू बोलण्याच्या ओघात, अगदी शेवटी सांगितलंस, पण मला त्याचीच काळजी जास्त वाटली. गळकी गच्ची म्हणजे वाढणारं कर्जच आहे, फक्त त्याचं पासबुक नसतं. पाणी स्लॅबमध्ये मुरतं, सळ्या गंजतात, गिलावा सुटतो. आज वॉटरप्रूफिंगनं भागणारं काम चार पावसाळ्यांनी स्लॅब फोडण्यावर जातं. म्हणून हे काम स्वयंपाकघराच्या आणि जादा हप्त्याच्याही आधी. उन्हाळ्यात, मृगाच्या आत उरकून घे आणि वरून पांढरा उष्णतारोधक रंग मारून घे. आपल्याकडचा मे महिना तुला सांगायला नको, वरच्या खोलीत झोपणाऱ्या लेकरांना तेवढाच आराम. दोन-तीन जणांकडून लेखी अंदाज घे आणि 50-60 हजार त्यासाठी धर.

याच रांगेत पाणी आणि वीज येते. नळ काही दिवसांआड येतो अशा भागात पुरेसा हौद आणि टाकी असणं ही चैन नाही. टँकरला आणि विकतच्या पाण्याला जाणारे पैसे एकदा वर्षाचे म्हणून मोजून बघ. जुनं वायरिंग असेल तर तेही आधी. कपाटाचे दरवाजे, पीओपीचं छत, बैठकीतली नवी फरशी हे सगळं छान दिसतं, पण त्यावाचून काही मोडत नाही. आपल्याकडची शहाबादी अजून दहा वर्षं टिकेल, ती उखडायची घाई कशाला?

एक काम मात्र हिशेब करून ठरव: छतावरची सौरऊर्जा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किलोवॉटला 78 हजार अनुदान मिळतं. समज, 3 किलोवॉटला 2 लाख लागले, तर अनुदान जाऊन खिशातून सव्वा लाखाच्या आत जातील. वीजबिल महिन्याला दोन हजारांनी कमी होणार असेल तर वर्षाला 24 हजार वाचतात, म्हणजे घातलेल्या पैशावर जवळपास 20 टक्के. तुझ्या कर्जाचं व्याज साडेआठ. मग सौरऊर्जा जिंकली. पण मुळात बिलच सात-आठशे येत असेल तर हा विचार सोडून दे. पैसा घरात घालायचा की कर्जात, असा प्रश्न आला की हीच तुलना करायची. वर्षाला किती वाचवणार आणि कर्जाचं व्याज किती?

आता जावईबापूंचं म्हणणं. तेही चुकीचं नाही, उलट मला त्यांचं कौतुक वाटतं. तुमचं कर्ज 20 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं. पहिल्या हप्त्यातल्या 17,356 रुपयांपैकी 14,167 नुसतं व्याज असतं. पहिलं वर्षभर दोन लाखांवर भरून मुद्दल फिटतं जेमतेम 40 हजार. म्हणून सुरुवातीला भरलेला जादा पैसा फार ताकदीचा असतो. अगदी सुरुवातीला 1 लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर साधारण 28 महिने कमी होतात आणि पावणेचार लाखांहून जास्त व्याज वाचतं. तेच 1 लाख दहा वर्षांनी भरले तर 13 महिने आणि सव्वा लाखाच्या आसपास. तुमचं कर्ज अजून नवं आहे, म्हणून गच्चीचं झालं की उरलेले 60-70 हजार यंदाच भरा, पुढं ढकलू नका. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला बँक दंड लावू शकत नाही, 2012पासून तशी रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. स्थिर दराचं असेल तर करार वाचा.

"व्याजावर कर वाचतो, मग कशाला भरायचं?" असं कुणी ऑफिसात सांगेल. नव्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावटच मिळत नाही, आणि 2025-26पासून त्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या पगारदार कमाईला करच लागत नाही. तुम्हा दोघांना तो मुद्दा लागूच होत नाही.

भरलेला पैसा मात्र परत मागता येत नाही, माझी भीती तेवढीच आहे. काही बँकांत ओव्हरड्राफ्ट खात्याचं गृहकर्ज असतं, स्टेट बँकेचं मॅक्सगेन तसंच. त्यात जादा पैसे ठेवले की व्याज कमी लागतं आणि अडीनडीला काढताही येतात. दर किंचित जास्त असू शकतो, तो विचारून घ्या. पण ज्याला हातात आलं की खर्चायची सवय आहे, त्याला मी ते सुचवणार नाही.

स्वयंपाकघरासाठी बँक टॉप-अप कर्ज देईल, गोड बोलून देईल. घेऊ नकोस. आज बसवलेल्या ट्रॉल्या दहा वर्षांत खिळखिळ्या होतील आणि त्यांचे हप्ते त्यानंतरही चालू राहतील. सासूबाईंना आता ओट्याची गळती थांबवून, एक चांगला पंखा लावून आणि उंचावरची फळी खाली घेऊन दे. त्यांना त्रास खरा त्याचाच होतोय, मी बघितलंय त्यांना स्टुलावर चढताना. नव्या स्वयंपाकघरासाठी वेगळी आरडी सुरू कर आणि तिचं पुस्तक त्यांच्याच हाती दे.

बँकेत जाशील तेव्हा तुमचा दर रेपोशी जोडलेला आहे का, हे आधी विचार. 2025 सालात रेपो 6.5वरून 5.25 टक्क्यांवर आला, पण जुन्या पद्धतीच्या कर्जांना त्याचा फायदा आपोआप मिळत नाही, थोडं शुल्क भरून बदलून घ्यावं लागतं. जादा पैसे भरताना "मुदत कमी करा, हप्ता नको" असं अर्जात लिहून दे आणि नवं परतफेडीचं वेळापत्रक शिक्क्यासह घे. दोघांनी मिळून जा. आणि हप्ता कापायची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांनी ठेवता येते का, तेही त्याच फेरीत विचारून ये.