पगारावर बक्षीस : भेट की व्याज?

आपल्या समाजातील हजारो कुटुंबांची चूल आखाती देशांतून येणाऱ्या पैशावर पेटते. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील कित्येक गावांतून घरटी एक माणूस कुवेत, दुबई, मस्कत किंवा सौदी अरबस्तानात नोकरीला असतो. त्याच पैशातून गावाकडे दुकाने उभी राहतात, कारागिरांना यंत्रे मिळतात आणि धंद्याला भांडवल लाभते. म्हणून तेथील बँका या पगाराला कोणते आमिष दाखवितात, हा विषय येथील व्यापाऱ्यांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

हे आमिष म्हणजे बक्षिसांची सोडत. 'तुमचा पगार आमच्या बँकेत जमा करा आणि लक्षाधीश व्हा' अशी जाहिरात आखातात नवी नाही. कुवेतमधील गल्फ बँकेचे 'अल दाना' आणि बुरगान बँकेचे 'यौमी' ही खाती सोडतींमुळेच घरोघरी माहीत झाली. दुबईत 'मशरेक मिलियनेर' या योजनेने असेच नाव कमावले. अशा खात्यांवर सामान्यतः व्याज दिले जात नाही, किंवा नाममात्र दिले जाते. त्यामुळे आपल्या बांधवांना वाटते, 'व्याज तर आम्ही घेत नाही. बँकेने खुशीने भेट दिली तर बिघडले कोठे?' या प्रश्नाचा आज आपण विचार करू.

बँकेला पगारच का हवा?

व्यापाऱ्याने प्रथम हिशेब पाहावा. पगार दर महिन्याला न मागता येतो. तो एकदम काढला जात नाही. काही रक्कम नेहमी खात्यात पडून राहते. हा बँकेच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त कच्चा माल होय. शिवाय ज्याचा पगार बँकेच्या हातातून जातो, त्याला कर्ज देणेही सोपे, कारण हप्ता परस्पर कापून घेता येतो. आखातात अनेक बँका कर्ज देण्यापूर्वी मालकाकडून पगार वळता करण्याचे पत्र मागतात, आणि नोकरीच्या अखेरीस मिळणारी रक्कमही त्यात अडकू शकते. संयुक्त अरब अमिरातीने २००९ मध्ये वेतन संरक्षण पद्धत सुरू केली आणि मजुरांचे वेतनही अधिकृत मार्गानेच देणे बंधनकारक झाले. तेव्हापासून लहान पगारही बँकांच्या नजरेत आला.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका बँकेत दहा हजार पगारदार आहेत आणि प्रत्येकाचे सरासरी ५० हजार रुपये शिल्लक राहतात. एकूण रक्कम झाली ५० कोटी. ती बँकेने १० टक्के व्याजाने बाहेर दिली तर वर्षाला ५ कोटी येतात. ठेवीदारांना ३ टक्के व्याज दिले असते तर दीड कोटी खर्च झाला असता आणि प्रत्येकाच्या वाट्याला दीड हजार आले असते. त्याऐवजी बँक ४० लाखांचे एक मोठे बक्षीस आणि दरमहा अडीच लाखांचे एक, अशी तेरा बक्षिसे देते. खर्च झाला ७० लाख. म्हणजे ८० लाख बँकेचे वाचले. तेराजण खूश झाले, आणि ९,९८७ जण पुढच्या सोडतीच्या आशेवर पैसे न काढता बसून राहिले.

यात 'भेट' कोठे आहे? सर्वांच्या ठेवीवरचे व्याज गोळा केले, त्यातील निम्म्याहून अधिक बँकेने ठेवले आणि उरलेले चिठ्ठी काढून मोजक्यांना वाटले, इतकाच हा व्यवहार आहे.

हा आमचा केवळ तर्क नव्हे. ब्रिटिश सरकारने १९५६ मध्ये 'प्रीमियम बाँड' जाहीर केले आणि १९५७ मध्ये त्यांची पहिली सोडत काढली. या रोख्यांवर धारकाला व्याज मिळत नाही, फक्त बक्षिसाची संधी मिळते. परंतु बक्षिसांची एकूण रक्कम रोख्यांवरील व्याजाच्या दराने काढली जाते आणि तो दर उघडपणे जाहीर केला जातो. व्याजच बक्षिसाचे कपडे घालून येते, हे तेथे लपविलेलेही नाही.

शरीअतची दृष्टी

आपण बँकेतील रकमेला बोलण्यात 'अमानत' म्हणतो. पण अमानत जशीच्या तशी सांभाळायची असते. बँक मात्र ती रक्कम वापरते आणि पूर्ण परत करण्याची हमी देते. शरीअतमध्ये अशा व्यवहाराला कर्ज म्हणतात. कर्जावर ठरवून मिळणारा लाभ व्याजात मोडतो, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. सूरह बकरहमध्ये व्याजाची आणि सूरह माइदहमध्ये जुगाराची मनाई स्पष्ट आहे.

मार्च १९९० मध्ये जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या सहाव्या अधिवेशनात बक्षिसी रोखे हराम ठरविण्यात आले. कारण असे दिले गेले की, हे कर्जच असून त्यावरील लाभ कर्ज देणाऱ्या समूहासाठी किंवा त्यातील अनिश्चित काहींसाठी ठरविलेला आहे. शिवाय त्यात जुगाराचा संशय आहे. हा निर्णय रोख्यांबद्दलचा असला तरी परतफेडीची हमी असलेल्या बक्षिसी खात्याला तोच तर्क लागू पडतो, असे आम्हांस वाटते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही इस्लामी वित्तसंस्थाही बक्षिसे देतात. अमिरातीतील 'नॅशनल बाँड्स' ही योजना मुदारबाच्या, म्हणजे नफ्यातील भागीदारीच्या, तत्त्वावर चालते आणि तिला तिच्या शरीअत मंडळाची मान्यता आहे. तेथे पैसा कर्ज नसून भांडवल असतो, हा मूलभूत फरक आहे. तरीही नावापुढे 'इस्लामी' शब्द दिसला म्हणून चौकशी सोडू नये.

सोडतीचा भरवसा

मार्च २०२५ मध्ये कुवेतमधील एका खरेदी महोत्सवाच्या सोडतीत वाणिज्य मंत्रालयाचा अधिकारी गैरप्रकार करीत असल्याची चित्रफीत पसरली. अटका झाल्या, आणि तेथील मध्यवर्ती बँकेने बँकांच्या सोडतीही तात्पुरत्या थांबविण्यास सांगितले. जेथे फळ मेहनतीवर नसून चिठ्ठीवर असते, तेथे चिठ्ठी काढणाऱ्या हाताचा मोह आलाच.

आपल्या देशात रिझर्व्ह बँकेने हा मार्ग बंद केला आहे. ठेवी मिळविण्यासाठी बक्षीस, लॉटरी किंवा नशिबावर अवलंबून असलेले आमिष बँकांनी दाखवू नये, असे २०१६ च्या निर्देशांत स्पष्ट केले होते. फक्त २५० रुपयांपर्यंतच्या किरकोळ भेटवस्तूला त्यात मुभा दिली गेली. गावोगावच्या बक्षिसी चिट योजनांवर तर १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे. म्हणून बाजारात कोणी 'लकी ड्रॉ भिशी' घेऊन आला आणि नंबर लागेल त्याचे पुढचे हप्ते माफ, असे सांगू लागला, तर त्यापासून दूर राहावे. ज्या साध्या भिशीत प्रत्येकजण सारखे भरतो आणि आपल्या पाळीला तेवढेच उचलतो, तिची गोष्ट वेगळी.

काय करावे?

परदेशातील भावाला किंवा मुलाला पत्राने, फोनने तीन प्रश्न विचारावयास सांगा. हे खाते कर्जाच्या तत्त्वावर आहे की मुदारबाच्या? बक्षिसाचा पैसा कोठून येतो? पगार वळता करण्याच्या कागदावर सही केल्याने पुढे कोणते बंधन पडते? उत्तरे लेखी घ्यावीत आणि जाणत्या आलिमांना दाखवावीत.

आणि आपण व्यापाऱ्यांनीही विचार करावा. भावाचे पैसे सोडतीच्या आशेवर वर्षानुवर्षे पडून असतात आणि इकडे त्याच घरातील सुतार किंवा शिंपी यंत्रासाठी सावकाराच्या दारी जातो. तोच पैसा लेखी करार करून, नफा-तोट्याच्या भागीदारीत घरच्या धंद्यात आला तर दोघांचेही भले होईल. अट एवढीच की, येथील भागीदाराने वही चोख ठेवावी आणि हिशेब वेळेवर पाठवावा. बँकेच्या सोडतीपेक्षा आपला शब्द अधिक भरवशाचा आहे, हे आपल्यालाच सिद्ध करावे लागेल.