मनगटाचे न जुळलेले हाड : शस्त्रक्रिया आणि भूल

लातूर जिल्ह्यातील जळकोट हा बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील तालुका. बांधावरून किंवा दुचाकीवरून पडताना माणूस सहजच हात टेकतो आणि सारा भार तळहातावर येतो. अशा वेळी अंगठ्याच्या बाजूचे, मनगटातील होडीच्या आकाराचे ‘स्कॅफॉइड’ हे लहान हाड मोडण्याचा संभव असतो. पहिल्या क्ष-किरण चित्रात ही मोड कित्येकदा दिसत नाही. हात मुरगळला असे समजून लेप लावला जातो व दुखणे अंगावर काढले जाते. या हाडाला रक्तपुरवठा मुख्यत्वे बोटांकडील भागातून होतो. मोडल्यावर मागील तुकड्यास रक्त अपुरे पडते व हाड जुळत नाही. पुढे सांधा झिजतो, खुरप्यावरची पकड जाते.

अशा वेळी शरीरातील अन्य हाडाचा तुकडा पोकळीत बसवून स्क्रूने हाड पक्के करतात. त्यासाठी भूल देण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत.

संपूर्ण भूल : रुग्ण पूर्णतः बेशुद्ध असतो. लांबणाऱ्या शस्त्रक्रियेस व लहान मुलांस ही सोयीची. मात्र श्वसनावर सतत लक्ष ठेवावे लागते आणि नंतर मळमळ होऊ शकते.

हातापुरती भूल : मानेजवळ किंवा काखेत, हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंभोवती औषध टोचतात. रुग्ण जागा राहतो व नंतरही काही तास वेदना जाणवत नाहीत. फुप्फुसास वा मज्जातंतूस इजा होण्याचा धोका अल्प असला तरी असतो. सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई अचूक नेता येते.

शिरेतून भूल : जर्मन शल्यविशारद ऑगस्ट बिअर यांनी १९०८ मध्ये मांडलेली ही पद्धत. दंडाला पट्टा आवळून शिरेत औषध सोडतात. पद्धत सोपी, पण पट्टा सुमारे तासाभराहून अधिक सोसवत नाही. म्हणून या लांबणाऱ्या शस्त्रक्रियेस ती अपुरी पडते.

निवडीचा निर्णायक मुद्दा म्हणजे तुकडा कोठून घ्यावयाचा. तो मनगटालगतच्या हाडातून घेतल्यास हातापुरती भूल पुरते. कमरेच्या हाडातून घ्यावयाचा असल्यास तेथे वेगळी भूल अथवा संपूर्ण भूल द्यावी लागते. अंतिम निर्णय भूलतज्ज्ञ रुग्णाची प्रकृती तपासून घेतात.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावात एवढे अवश्य सांगावे : पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर क्ष-किरण चित्र काढावे व दुखणे न थांबल्यास दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढावे. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहण्याची सूचना पाळावी, चालू औषधे व पूर्वीचे आजार लपवू नयेत आणि विडी-सिगारेट सोडावी, कारण धूम्रपानाने हाड जुळण्यास विलंब होतो. वेळीच प्लास्टर घातले, तर बहुतेकांवर शस्त्रक्रियेची वेळच येत नाही.