अरबी आणि कॅन्टोनी : मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने

परकीय भाषा शिकू इच्छिणाऱ्यापुढे भाषांच्या काठिण्याची एक क्रमवारी नेहमी ठेवली जाते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणसंस्थेने केलेल्या या क्रमवारीत अरबी आणि कॅन्टोनी या दोन्ही भाषा सर्वांत अवघड वर्गात येतात. प्रत्येकीस सुमारे २,२०० तासांचे अध्यापन लागते असे तीत धरलेले आहे. परंतु हे तास इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याचे होत. ज्याच्या कानावर जन्मापासून प आणि फ, त आणि थ यांतील भेद पडत आला, आणि जो दिवसातून दहा वेळा नकळत अरबी शब्द उच्चारतो, त्या मराठी माणसाला हे माप जसेच्या तसे लावता येणार नाही. त्याची सोय निराळी, आणि त्याचे धोकेही निराळे.

अरबांचा आणि कोकणपट्टीचा संबंध जुना आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी चौलला येऊन गेला. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या इ. स. ९२६ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात संजाणचा कारभार पाहणारा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी ‘मधुमती’ या नावाने येतो. हे ‘मुहम्मद’चे संस्कृत रूप होय. तथापि मराठीतील बहुतेक अरबी शब्द या दर्यावर्दी संबंधातून आलेले नाहीत. ते पुढे फार्सीच्या हातून, दरबार आणि दप्तर यांच्या वाटेने आले. त्यांना हटविण्याचा प्रयत्न शिवकालीन राजव्यवहारकोशाने केला. त्यांची नोंद माधवराव पटवर्धनांनी १९२५ च्या ‘फार्शी-मराठी कोशा’त केली. (दिल्लीच्या रामकृष्णपुरममधील सरकारी इमारतींत वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचे काम दीर्घकाळ चालले. तेथल्या पारिभाषिक संज्ञांच्या याद्या चाळताना राजव्यवहारकोशाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आणि या वाक्यातला ‘शिवाय’देखील अरबीच.)

हे शब्दधन अरबीच्या विद्यार्थ्याला कितपत उपयोगी पडते? कायम, मुक्काम आणि किंमत हे तीन शब्द मराठी माणसाला एका कुळातले वाटत नाहीत. अरबीत तिन्ही क़-व-म या एकाच त्रिव्यंजनी धातूपासून झाले आहेत आणि धातूची मूळ कल्पना उभे राहण्याची आहे. उभा आहे तो कायम, उभे राहण्याची जागा तो मुक्काम, वस्तू ज्या मोलाला उभी राहते ती किंमत. नशीब, मनसब आणि मनसुबा हेही असेच न-स-ब या धातूचे. धातूपासून शब्द साधण्याची सवय असलेल्या संस्कृतज्ञाला ही रचना पाहता पाहता आवडू लागते; फरक इतकाच, की येथे प्रत्यय शेपटीला लागून भागत नाही, स्वर धातूच्या पोटात शिरतात. तेव्हा पाठ करावयाचे ते साचे, सुटे शब्द नव्हेत.

मात्र ओळखीचा शब्द ओळखीचा अर्थ घेऊन येतोच असे नाही. अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुनरुक्ती आणि ‘गरीब’ म्हणजे परका किंवा विलक्षण. उच्चारांचा प्रश्न तर याहून बिकट आहे. ‘किंमत’मधला क अरबीत कंठाच्या मुळाशी उच्चारला जातो, ‘नशीब’मधला श मुळात जड, जीभ मागे ओढून उच्चारलेला स आहे. मराठीने हे सारे भेद पुसून टाकले. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला निम्मी अरबी आधी विसरावी लागते.

कॅन्टोनीत नेमके उलट घडते. तेथे शब्द अनोळखी, पण ध्वनी पुष्कळसे घरचे. अल्पप्राण-महाप्राण भेद तेथे अर्थभेदक आहे. ‘चाक’मधला दंत्य च तेथे आहे. वर्णमालेत आपण ङ घोकतो, पण त्याने सुरू होणारा शब्द कधी पाहत नाही. कॅन्टोनीत ‘मी’ या अर्थाचा शब्दच ‘ङो’ आहे. शब्दान्तीचे प्, त्, क् तेथे न फोडता मिटले जातात. प्रातिशाख्यांनी ज्याला अभिनिधान म्हटले, त्याचे हे जिवंत उदाहरण होय. खरी अडचण सुरांची. ‘सी’ हे एकच अक्षर सहा सुरांत अनुक्रमे कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि बाब असे अर्थ देते. उदात्त-अनुदात्त ऐकलेल्या कानाला सुरुवातीस थोडा आधार मिळेल, पण थोडाच; वैदिक स्वर पदाचा असतो, येथे प्रत्येक अक्षराला आपला सूर सांभाळावा लागतो. व्याकरण मात्र सौम्य आहे. लिंग नाही, वचनाची रूपे नाहीत. मोजताना वस्तूगणिक निराळा गणकशब्द लागतो, परंतु ‘चार जण’ म्हणणाऱ्याला त्याचे नवल वाटू नये.

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाने कॅन्टोनीकडे वळावे याचे एक कारण मला फार मोलाचे वाटते. आज ‘चिनी’ म्हणून सर्वत्र शिकविली जाते ती उत्तरेची प्रमाणभाषा. तिने शब्दान्तीची स्पर्शव्यंजने गमावली. कॅन्टोनीने ती राखली. बौद्ध ग्रंथांच्या अनुवादकांनी घेतलेली आपली नावे म्हणूनच दक्षिणेत अधिक स्पष्ट ऐकू येतात. बुद्धाला उत्तरेत ‘फो’ म्हणतात, कॅन्टोनीत ‘फत्’. बोधिसत्त्वाचे उत्तरेत ‘फूसा’, कॅन्टोनीत ‘फोउसात्’. स्तूपवाचक शब्द उत्तरेत ‘था’ एवढाच उरला आहे. कॅन्टोनीतील ‘थाप्’ ऐकताच प्राकृतातला ‘थूप’ समोर उभा राहतो.

दोहोंतही बोलणे आणि लिहिणे यांत मोठी दरी आहे. फर्ग्युसनने १९५९ मध्ये द्विस्तरीय भाषाव्यवहाराची संकल्पना मांडली, तेव्हा अरबी हे त्याच्या चार उदाहरणांपैकी एक होते. ग्रंथांची फुस्हा शिकलेला रत्नागिरीचा तरुण आखातातल्या बाजारात अडखळतो तो यामुळे. कॅन्टोनीत ‘तो’ याला बोलताना ‘ख्युइ’, पण प्रमाण लेखन मोठ्याने वाचताना ‘था’ म्हणतात. शिवाय कॅन्टोनीच्या घरातही भेद आहेत. मुंबईत माझगावला १९१९ साली उभे राहिलेले ‘सी यूप कून’ हे मंदिर ज्यांचे, त्या चार परगण्यांतील लोकांची बोली कॅन्टोनीची सख्खी बहीण खरी, पण कॅन्टोनी नव्हे.

ज्याला बखरी, सनदा आणि पत्रव्यवहार वाचावयाचे आहेत त्याने अरबी घ्यावी, आणि लिपी पहिल्याच दिवशी हाती घ्यावी. रोमन अक्षरांतून शिकल्यास जड-हलक्या वर्णांचा घोटाळा कायमचा राहतो. कॅन्टोनी घेणाऱ्याने, उलटपक्षी, चित्रलिपीला दोन-तीन महिने दूर ठेवून केवळ कान तयार करावा. त्यासाठी हाँगकाँगच्या भाषाशास्त्रीय संस्थेने १९९३ मध्ये तयार केलेली रोमन पद्धत प्रचारात आहे. परंतु महाप्राण दाखविण्यास स्वतंत्र अक्षर असलेली देवनागरी, सुरांचे सहा अंक जोडून, या कामी तिच्याहून सरस ठरेल असे मला वाटते.