संगणकाची खिडकी आणि आपली लिपी

एकच आज्ञावली विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही प्रणालींवर चालवावयाची असेल, तर तिच्या खिडक्या, बटणे आणि मजकुराचे चौकोन काढण्याचे काम एखाद्या तयार टूलकिटवर सोपवावे लागते. त्यांपैकी कोणते घ्यावे, असे विद्यार्थी मला नेहमी विचारतात. बहुतेकांचे लक्ष वेगाकडे व देखणेपणाकडे असते. ज्यांचा मजकूर मराठी, गुजराती किंवा कन्नड आहे त्यांनी प्रथम लिपी पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी वडोदऱ्याचा, आणि अनेक लिपी शेजारी नांदवण्याचा प्रश्न या गावाला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यातील ग्रंथालयांची घडी बसवून घेतली. पुढे १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला. त्यात इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द दिले आहेत. त्यातील एक ओळ, प्रत्येक शब्द ज्याच्या त्याच्या लिपीत लिहून, पडद्यावर मांडून पाहावी. फारसी शब्द उजवीकडून सुरू होतो, बाकीचे डावीकडून! एका लहान ग्रंथसंग्रहासाठी सूचीची आज्ञावली करताना मी टूलकिटांची हीच परीक्षा घेतली.

अडचण कोठे येते ते सांगतो. ‘कि’ लिहिताना संगणकाच्या स्मृतीत आधी क असतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसावयास हवी. ‘अर्क’मधील र स्मृतीत क च्या आधी, पण दिसावयाचा त्याच्या डोक्यावर. ही जुळणी करणाऱ्या आज्ञावलीचे नाव हार्फबझ. क्यूटी तिचा उपयोग करते, जीटीके पँगोच्या मार्फत करते, आणि क्रोमियम ब्राउझरही करतो.

पायथनबरोबर फुकट मिणारे टीके शिकावयास सर्वांत सोपे, म्हणून विद्यार्थी तेच उचलतात. पण लिनक्सवर टीके ८.६ ही जुळणी करीतच नाही. वेलांटी व्यंजनाच्या मागे लोंबकळत राहते. विंडोजवर ते काम प्रणालीच करून देते. त्यामुळे घरी ठीक दिसलेला प्रकल्प प्रयोगशाळेत ओळखू येत नाही.

डब्ल्यूएक्सविजेट्स १९९२ मध्ये एडिंबरो विद्यापीठात सुरू झाले. ते त्या त्या प्रणालीचीच बटणे वापरते, त्यामुळे खिडकी परकी वाटत नाही. परंतु अक्षरेही प्रत्येक ठिकाणी निराळ्या हाताने काढली जातात. म्हणजे तपासणी तीनदा. इलेक्ट्रॉन अक्षरे सुरेख काढते, मात्र प्रत्येक आज्ञावलीबरोबर अख्खे क्रोमियम बांधून देते. ग्रंथालयातील जुन्या संगणकाला हे ओझे कशाला?

मी क्यूटी घेतले. ते आपली बटणे स्वतः रेखाटते, आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर जुळणी हार्फबझकडूनच होते. पायथनमधून वापरण्यासाठी पायसाइड आहे. त्याचा एलजीपीएल परवाना विद्यार्थ्यांना सोयीचा. पायक्यूटी दिसावयास तसेच, पण त्याचा परवाना जीपीएल किंवा विकतचा, हे आधी वाचून घ्यावे.

एक गोष्ट मात्र कोणतेही टूलकिट आपण होऊन करीत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसावयास दोन्ही सारखे. शोधताना मात्र एक लिहिले तर दुसरे सापडत नाही, आणि सूचीत न सापडणारे पुस्तक कपाटात असून नसल्यासारखेच. म्हणून साठवण्यापूर्वीच दोन्हींचे एक रूप करून घ्यावे. क्रमाचेही तसेच. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. मराठी क्रम आयसीयू या संग्रहात तयार मिळतो, तो जोडून घ्यावा लागतो.

कन्नड विभागातील मित्रांनी परीक्षेची ओळ स्वतःची घ्यावी. त्यांच्या लिपीत रफार अक्षराच्या डोक्यावर न बसता उजव्या बाजूला बसतो, आणि जोडाक्षरातील दुसरे व्यंजन खाली उतरते. देवनागरी नीट दिसली म्हणून कन्नडही नीट दिसेलच, असे धरून चालू नये.