पेरणीचा मृग आता डोळ्यांनी पाहा



मार्गशीर्षातले गुरुवार आपण करतो. पण या महिन्याला हे नाव कशावरून पडलं? या महिन्यातल्या पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्ष नक्षत्राजवळ असतो, त्यावरून.

एखादी ताई म्हणेल, "मृग तर जूनमध्ये लागतो. आता डिसेंबरात कुठून आला?" प्रश्न बरोबर आहे. ७-८ जूनला मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो. त्यामुळे तेव्हा मृग सूर्यासोबतच उगवतो आणि मावळतो, आपल्याला दिसत नाही. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला जाते. मग तेच नक्षत्र जवळजवळ रात्रभर दिसतं. पेरणीसाठी आपण जन्मभर ज्याची वाट पाहिली, ते बघायची वेळ आत्ता आहे.

कसं ओळखायचं?

१) रात्री नऊच्या सुमारास अंगणातला दिवा बंद करा आणि पूर्वेकडे बघा. दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात.

२) एका ओळीत तीन तारे दिसतील. तो बाण. भोवतीचे चार ठळक तारे म्हणजे हरणाचे पाय. त्यातला तांबूस तो काक्षी, निळसर पांढरा तो राजन्य.

३) बाणाची रेघ खाली वाढवा. तिथे लखलखणारा तारा व्याध, म्हणजे शिकारी. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा हाच. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षं लागतात. तुमची लेक तिसरीत असेल तर आज दिसणारा उजेड ती जन्मली त्या सुमारास निघालेला!

४) रेघ वर वाढवली की तांबूस रोहिणी, आणि पुढे कृत्तिकांचा झुबका. त्यात किती तारे दिसतात ते मोजा.

१३ डिसेंबरच्या रात्री उल्का जास्त दिसतात. 'तारा तुटला' म्हणून घाबरू नका. तारा तुटत नसतो. अवकाशातले बारीक कण वेगाने हवेत शिरून जळतात, त्याची ती रेघ.

रात्रीची लाईट आली की आपण हरभऱ्याला पाणी द्यायला जातो, पण मान वर करायला सवड कुठे? या महिन्यात एक रात्र काढाच. सोबत लेकीला घ्या, सासूबाईंनाही घ्या. त्यांच्याकडे नक्षत्रांच्या म्हणी असतील, त्या लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की प्रत्येकीने सांगायचं: मला कृत्तिकेत किती तारे दिसले?