आईवडिलांसोबत बँकॉकचे तीन दिवस

प्रश्न : सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन तीन दिवस बँकॉकला जायचं आहे. दोघं शाकाहारी आहेत, आईचे गुडघे दुखतात. काय पाहावं?

उत्तर : पट्टाया यादीत असेल तर काढा; जाण्यायेण्यातच दिवस संपेल.

पहिली सकाळ पूर्णपणे राजवाड्याला द्या. साडेआठला दार उघडतं, तेव्हाच पोहोचा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आवारातल्या पाचूच्या बुद्धमंदिराभोवती लांबलचक ओवऱ्या आहेत. तिथे १७८ भित्तिचित्रांत रामाकियेन, म्हणजे थाई रामायण, रंगवलंय. बहुतेक पर्यटक सोनेरी शिखरांचे फोटो काढून निघून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. आईबाबांना कथा ठाऊक आहे. ओळखीचे प्रसंग त्यांना शोधू द्या. इथला पांढराशुभ्र हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रसिक आहे! शिवाय ओवरीत सावली असते. रस्त्यात कुणी 'राजवाडा आज बंद आहे' म्हणालं, तर सरळ दारापर्यंत जाऊन पाहा. ही जुनी फसवणूक आहे. असे लोक दागिन्यांच्या दुकानात नेऊन सोडतात.

जवळच वाट फो मंदिरात ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. वाट अरुणच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, आईंनी ते मंदिर संध्याकाळी नदीतल्या बोटीतूनच बघावं. गुडघ्यांना टॅक्सीपेक्षा चाओ फ्राया नदीवरची बोट बरी, ट्रॅफिकही टळतो. चतुचक बाजारासाठी शनिवार-रविवार साधा.

जेवणाचं मात्र जपा. भाजीतही माशाचा सॉस असतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं दिसलं की निर्धास्त बसा. तिथल्या शाकाहारी जेवणात कांदा-लसूणही नसतो. पाहुरात भागात भारतीय जेवण मिळतं.